रोख आहेर, पाकिटं आणि गिफ्ट कार्ड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या भावकीत लग्न निघालं की आहेराची वही माझ्याकडे येते. वर्धा रोडवरचं लॉन असो की महाल भागातलं जुनं मंगल कार्यालय, माझी जागा ठरलेली : एक टेबल, एक वही, दोन पेनं आणि कुलपाची पिशवी. या टेबलाशी येऊन लोक हळूच काहीबाही विचारतात. किती घालू? नाव कुठे लिहू? कार्ड दिलं तर चालेल का? तेच प्रश्न इथे घेतले आहेत. नागपुरातली रीत मला ठाऊक आहे ती लिहिली आहे. घराघराची रीत थोडी वेगळी असते, तेवढं धरून वाचावं.

वस्तू न देता रोख दिलं तर कमीपणा वाटतो. खरंच वाईट दिसतं का?

नाही. माझ्या मते लग्नाला रोख हाच सगळ्यांत कामाचा आहेर आहे. लग्नघरात त्या आठवड्यात पैसा पाण्यासारखा जात असतो. लॉनचं उरलेलं भाडं, केटरर, मंडपवाला, बँडवाला, फुलांचा हिशोब, सगळे दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे असतात. रात्री पाकिटं मोजून त्यातूनच केटररचे पैसे चुकते केलेले मी स्वतः पाहिले आहेत. आहेर म्हणजे त्या घराच्या खर्चाला लावलेला हात, असं आमची मोठी आई सांगायची.

वस्तूंचं काय होतं तेही पाहिलं आहे. माझ्या लग्नात सात लेमन सेट आले. त्यातले चार तसेच खोक्यासकट पुढच्या लग्नांत गेले आणि एक फिरून आमच्याकडेच परत आला. आता तर मुलगा-मुलगी पुण्याला नोकरीला, दोन खोल्यांचा भाड्याचा फ्लॅट. रेल्वेने ते काय काय नेणार? जवळच्या माणसाने विचारून वस्तू द्यावी. मिक्सर हवा की कुकर हे मुलीच्या आईला फोन करून विचारायला काहीच हरकत नाही. बाकीच्यांनी पाकीट द्यावं.

किती घालायचे?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यांत जास्त छळणारा प्रश्न. हल्ली एक हिशोब ऐकू येतो : ताट इतक्याचं, आपण चौघं जेवणार, म्हणजे इतके तरी घातलेच पाहिजेत. हा हिशोब मला मुळीच पटत नाही. यजमानाने तुम्हाला जेवायला बोलावलं आहे, खानावळीत नाही. महागाचं लॉन घेतलं तो त्याचा निर्णय. त्याचा भार पाहुण्याच्या पाकिटावर कशाला?

मी तीन गोष्टी बघायला सांगते. पहिली, आपल्या घरचा महिना. आहेरासाठी उसने घ्यावे लागत असतील तर रक्कम चुकली आहे. दुसरी, नातं. मामाचं पाकीट आणि ऑफिसातल्या ओळखीचं पाकीट सारखं नसतं, नसावंही. तिसरी, आपली जुनी वही. त्यांनी आपल्याकडे काय दिलं होतं ते बघावं, पण एवढ्यासाठीच की आपण फार मागे राहू नये. दहा वर्षांपूर्वीचे पाचशे एक आज पाचशे एक म्हणून परत केले तर कुणी काही म्हणत नाही, पण थोडी भर घालणं बरं. उलट, त्यांनी भरपूर दिलं होतं आणि आज आपली परिस्थिती नाही, तर कमी घालून निवांत जेवून यावं. मागच्याच एका लग्नात मावशींनी पाकीट देताना माझा हात धरून विचारलं, "कमी तर नाही दिसून राहिलं न?" मी त्यांचं नाव इतरांसारखंच, त्याच अक्षरात, पुढच्या ओळीवर लिहिलं. वहीत रक्कम लहान-मोठी असते, ओळ सगळ्यांना एकच मिळते.

वरचा एक रुपया कशासाठी?

एकशे एक, पाचशे एक, अकराशे एक. शून्यावर मोजणी थांबते आणि एकापासून पुन्हा सुरू होते, म्हणून नातं पुढे चालत राहो या भावनेने वर रुपया ठेवतात. विषम आकडा दोघांत सारखा वाटता येत नाही, असंही सांगतात. बाजारात रुपयाचं नाणं चिकटवलेलं पाकीटच मिळतं. ते घेणार असाल तर आत पुन्हा वरचा रुपया लागत नाही.

नव्या कोऱ्या नोटाच पाहिजेत का?

छान दिसतात, पण अट नाही. आपल्या बँकेच्या शाखेत आधी विचारून ठेवलं तर बरेचदा मिळतात. लग्नसराईत ऐन वेळी मागाल तर कठीण. मी एवढंच म्हणेन की नोट मळकी नको, चिकटपट्टी लावलेली तर मुळीच नको.

नोटांना स्टेपलर मारू नका. नोटांवर नाव किंवा शुभेच्छा लिहू नका. नोटांचे हार करू नका, वरातीत उधळू नका. रिझर्व्ह बँक वर्षानुवर्षं हेच आवाहन करते आहे. पाकीट उघडताना पिन ओढली की नोट फाटते, आणि फाटलेली नोट त्या घाईत बाजूला पडते ती पडतेच. फाटलीच, तर टाकून देऊ नका. दोन तुकडे झालेली पण दोन्ही तुकडे हातात असलेली नोट बँकेत बदलून मिळते. तुकडा हरवला असेल, तर 50 रुपयांच्या आणि त्यावरच्या नोटांना सर्वांत मोठा सलग तुकडा 80 टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण किंमत, 40 ते 80 टक्के असेल तर निम्मी, 40 टक्क्यांहून लहान असेल तर काही नाही.

पाकिटावर काय लिहावं?

पूर्ण नाव आणि गाव किंवा वस्ती. "काका-काकू, मानेवाडा" असं लिहिलेलं पाकीट रात्री अकरा वाजता वाचताना त्या घरात डोक्याला हात लावून बसतात, कारण मानेवाड्याला तीन काका राहतात! नाव पाकिटावर लिहा आणि आत एका चिठ्ठीवर पुन्हा लिहा, कारण पाकिटं फाडून फेकली जातात. चिठ्ठीवर दोन ओळी नवरा-नवरीसाठी असल्या तर उत्तम. पैसे खर्च होतात, चिठ्ठी मुली जपून ठेवतात. कुणाच्या बाजूचा आहेर तेही लिहावं, "मुलीकडून" किंवा "मुलाकडून", म्हणजे पाकीट भलत्याच पिशवीत जात नाही.

आणि पाकीट ज्याला द्यायचं त्याच्या हाती किंवा वहीच्या टेबलावर द्या. स्टेजवर फोटोच्या गर्दीत नवरीच्या हातात दिलेली पाकिटं खुर्चीमागे, गुच्छांच्या ढिगात जातात. एका लग्नात सकाळी झाडणाऱ्या बाईंनी दोन पाकिटं आणून दिली, म्हणून कळलं.

आहेराची वही ठेवणं जुनाट नाही का वाटत?

उलट, ती नीट ठेवायला हवी, आणि कायद्यालाही ती हवी आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. हुंडाबंदी कायदा 1961 सालचा. मागणी न करता लग्नात आपखुशीने दिलेल्या भेटी त्यात चालतात, पण त्यांची यादी केलेली असावी अशी अट आहे. यादी कशी असावी याचे नियम 1985 मध्ये आले. नवरीला मिळालेल्या भेटींची यादी नवरीने ठेवायची, नवऱ्याला मिळालेल्यांची नवऱ्याने. त्यात वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, आणि तो नातेवाईक असेल तर नातं. खाली दोघांच्याही सह्या.

म्हणून मी आता एका वहीच्या दोन वह्या केल्या आहेत, एक तिची, एक त्याची. तिला आलेलं तिचं आहे. तिच्या नावाचं पाकीट सासऱ्यांच्या खिशात किंवा वडिलांच्या केटररच्या हिशोबात तिला न विचारता जाऊ नये. तिने आनंदाने दिलं तर गोष्ट वेगळी. आणि "आम्हाला काही नको, फक्त रोख आहेर बरा करा" असं वरपक्षाने आधी सांगितलं असेल, तर तो आहेर नव्हे, हुंडा आहे. पाकिटात घातल्याने त्याचं नाव बदलत नाही. देणं, घेणं आणि मागणं तिन्ही गुन्हे आहेत.

टेबलावर क्यूआर कोड ठेवला तर चालेल?

चालतं, आता बऱ्याच ठिकाणी दिसतो. ज्येष्ठांना थोडं खटकतं. मला खटकत नाही, फक्त तो पाटीसारखा दारात टांगू नये. वहीपाशी लहानसा ठेवावा. खातं शक्यतो नवरीचं किंवा नवऱ्याचं असावं, मेहुण्याचं नको. पाठवणाऱ्याने संदेशाच्या जागी नाव लिहावं, नाहीतर फोन नंबर पाहून ओळख पटवत बसावं लागतं. आणि कुणी "आहेर पाठवतोय, पिन टाका" म्हणालं तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

गिफ्ट कार्ड कधी द्यावं?

भाच्याला, ऑफिसातल्या मैत्रिणीला, पुस्तकं किंवा कपडे स्वतः निवडून घ्यायला आवडणाऱ्या माणसाला. रोख दिलं तर ते घरखर्चात जाईल आणि तुम्हाला मात्र त्याने ते स्वतःवरच खर्च करावं असं वाटतं, तेव्हा कार्ड कामाचं. पहिल्या बाळंतपणानंतर माझ्या नणंदेला मी कपड्यांच्या दुकानाचं कार्ड दिलं होतं. रोख दिले असते तर डायपरमध्ये गेले असते. तिने स्वतःसाठी दोन कुर्ते घेतले आणि मला घालून दाखवायला आली.

आजी-आजोबांना कार्ड देऊ नका. त्यांना ते वापरायला कुणाला तरी सोबत न्यावं लागतं. खेड्यावर राहणाऱ्यांनाही नको, ज्या दुकानाचं कार्ड आहे ते नागपुरात बुर्डीच्या बाजारात, आणि ते लोक काटोलला.

कार्ड घेताना काय बघायचं?

आधी हे बघा की कार्ड एका दुकानाचं आहे की बँकेचं. दुकानाचं कार्ड त्याच दुकानात चालतं आणि ते रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाही. दुकान बंद पडलं तर कार्ड म्हणजे नुसतं प्लॅस्टिक. बँकेने किंवा परवानाधारक कंपनीने काढलेलं, बऱ्याच ठिकाणी चालणारं गिफ्ट कार्ड रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या निर्देशांत येतं. त्यानुसार एका कार्डावर जास्तीत जास्त 10,000 रुपये, एकदा भरलं की पुन्हा भरता येत नाही, त्यातून रोख काढता येत नाही, आणि मुदत किमान एक वर्षाची.

माझा सगळा भर या मुदतीवर आहे. पाकिटातलं रोख पाच वर्षांनी सापडलं तरी चालतं, कार्ड चालत नाही. म्हणून बाहेर मोठ्या अक्षरात तारीख लिहून द्या. काउंटरवर कार्ड चालू करून घ्या आणि पावती सोबत ठेवा. चालू न झालेलं कार्ड भेट दिलं की ज्याला दिलं त्याची बिल भरताना सगळ्यांसमोर पंचाईत होते. एका बिलात पूर्ण रक्कम वापरावी लागते की उरलेली पुढे चालते, तेही तिथेच विचारा. खरवडायच्या पट्टीखालचा नंबर उघडा असेल तर ते कार्ड परत करा.

साहेबांनी व्हॉट्सअ‍ॅपवर गिफ्ट कार्ड आणायला सांगितलं. आणू का?

नाही. फोटो साहेबांचा, नंबर अनोळखी, "मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, कार्डाचे नंबर पाठवा, संध्याकाळी पैसे देतो." ही सरळ सरळ फसवणूक आहे. नंबर पाठवले की काही मिनिटांत कार्ड रिकामं होतं. साहेबांच्या जुन्या नंबरवर फोन करून विचारा. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. पहिल्या तासाभरात केलेल्या तक्रारीला अर्थ असतो.

आहेरावर इन्कम टॅक्स लागतो का?

स्वतःच्या लग्नात नवरा-नवरीला मिळालेल्या भेटींवर लागत नाही, मित्राने दिली तरी आणि शेजाऱ्याने दिली तरी. पण ही सूट लग्नाची आहे. साक्षगंध (साखरपुडा), बारसं, मुंज, वाढदिवस, वास्तू यांना ती नाही. नवरीच्या आई-वडिलांच्या हाती आलेल्या पाकिटांनाही ती लागू होत नाही.

लग्न सोडून इतर वेळी नातं बघितलं जातं. नवरा-बायको, आई-वडील, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं, सख्खी भावंडं, काका, मामा, आत्या, मावशी, जोडीदाराची भावंडं, यांच्याकडून कितीही आलं तरी कर नाही. चुलतभाऊ, मामेभाऊ मात्र कायद्याच्या यादीत नातेवाईक नाहीत, हे ऐकून आमच्याकडे सगळे चकित होतात. मित्र आणि असे दूरचे मिळून आर्थिक वर्षात 50,000 रुपयांपेक्षा जास्त आले, तर वरच्याच नव्हे, सगळ्या रकमेवर कर. मालकाने दिवाळीला रोख दिलं तर तो पगारच धरतात.

लग्नानंतर मोठी रक्कम बँकेत भरणार असाल तर वही आणि पत्रिका जपून ठेवा. कुणी विचारलं तर तोच पुरावा. रक्कम फार मोठी असेल तर सीएला दाखवून घ्यावं.

मामाला भाचीच्या लग्नात अडीच लाख रोख द्यायचे आहेत.

चेकने द्या. एका माणसाकडून एका दिवसात, किंवा एकाच प्रसंगासाठी, दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. 1 एप्रिल 2017 पासून हा नियम आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा, तोही घेणाऱ्याला. हळदीला एक लाख आणि लग्नात दीड लाख असे तुकडे पाडले तरी प्रसंग एकच. प्रेमाने दिलेल्या पैशाचा भाचीला दंड बसायला नको.

जुन्या पाकिटात दोन हजारांची नोट निघाली!

हे वरचेवर होतं. शालूच्या घडीत, देव्हाऱ्याच्या खणात पाकिटं राहून जातात. या नोटा 19 मे 2023 ला चलनातून मागे घ्यायचं ठरलं, पण त्या रद्द झालेल्या नाहीत. बँकांच्या शाखांत आता घेत नाहीत. देशातल्या 19 रिझर्व्ह बँक कार्यालयांत घेतात आणि नागपूरचं कार्यालय त्यात आहे, संविधान चौकातलं, ज्याला जुने लोक अजून रिझर्व्ह बँक चौक म्हणतात. भंडारा-गोंदियाच्या माणसाला खेप नको असेल तर पोस्टानेही पाठवता येते. ओळखीचा पुरावा लागतो.

2016 च्या आधीच्या पाचशे-हजाराच्या नोटा निघाल्या, तर त्यांचं काहीच होत नाही. आमच्या सासूबाईंनी तशी एक, माहेरच्या पाकिटासकट, आठवण म्हणून ठेवली आहे. एखाद-दुसरी नोट अशी ठेवायला कायद्याची आडकाठी नाही, दहापेक्षा जास्त ठेवायची मात्र मनाई आहे.

तान्ह्या पोळ्याला मुलांना बोजारा, म्हणजे हातावर ठेवायचे पैसे, किती द्यावा?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन दारात आलेल्या प्रत्येक मुलाला सारखा. ओळखीच्याच्या नातवाला पन्नास आणि मागे उभ्या असलेल्या अनोळखी पोराला पाच, असं करू नका. मुलं बाहेर जाऊन लगेच मोजतात. मी आदल्या दिवशी दहा-दहाच्या नाण्यांची थैली भरून ठेवते. बैलाच्या पायावर पाणी, कपाळाला कुंकू, मग पोराच्या हातात बोजारा, या क्रमाने. बैल न पाहता नुसते पैसे टेकवले तर पोरं हिरमुसतात, कारण सकाळपासून त्यांनी तो सजवलेला असतो. दसऱ्याला सोनं द्यायला येणाऱ्या मुलांचंही असंच.

घरच्या मुलांचे असे जमलेले पैसे आईने "मी ठेवते" म्हणून घेऊ नयेत. दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना बँका आता स्वतः चालवता येईल असं बचत खातं देऊ शकतात. दिवाळीनंतर एकदा त्यांना शाखेत नेऊन त्यांच्या हाताने भरणा करायला लावा.

भाऊबीजेची ओवाळणी फोनवरून पाठवली तर?

भाऊ पुण्याला किंवा परदेशात असेल तर बिनधास्त पाठवावी, फोन लावून ओवाळून घेतल्यावर, आधी नको. समोर बसलेला असेल तर तबकातच टाकावी. ताटात एखादी नोट दिसली पाहिजे, उरलेले हवे तर खात्यात. बहिणीची कमाई भावापेक्षा जास्त असली तरी तिने ओवाळणी परत करू नये. त्याला ती मनापासून द्यायची असते.

तेरवीला पाकीट द्यायचं का?

आमच्याकडे तेरवीला घरच्या कर्त्याला दुपट्टा, टोपी आणि पाकीट देतात. वरचा रुपया घालत नाहीत, सजवलेलं किंवा नाणं लावलेलं पाकीट घेत नाहीत. साधं पांढरं. पण खरी गरज त्याआधी असते. दवाखान्याचं बिल भरून ते घर आधीच रिकामं झालेलं असतं. जवळचे असाल तर तेराव्या दिवसाची वाट न बघता पहिल्या दोन दिवसांतच, कुणी नसताना, घरातल्या बाईच्या हातात पैसे द्या. तिथे वही नको आणि त्याची कुठे बोलवाही नको.

पत्रिकेवर "आहेर आणू नये" लिहिलं आहे. तरी न्यायचा का?

न्यायचा नाही. लिहिणाऱ्याने विचार करून लिहिलेलं असतं, ते मोडून आपण त्याला अडचणीत टाकतो. एकाचं घेतलं की दुसऱ्याला नाही कसं म्हणणार? फारच जवळचे असाल तर महिनाभराने जोडप्याला घरी जेवायला बोलवा आणि तेव्हा द्या.

एक पाकीट रिकामंच निघालं. काय करावं?

दर दोन-तीन लग्नांमागे एक निघतंच. माणसं घाईत नाव लिहितात, गोंद लावतात आणि नोटा टेबलावर विसरतात. मी वहीत नाव लिहिते आणि रकमेच्या जागी "पाकीट मिळालं" एवढंच. शून्य लिहीत नाही, फोन करत नाही, घरात कुणाला सांगत नाही. आणि तुमच्याकडून असं झालं असेल, लग्नाहून परतल्यावर नोटा ड्रॉवरमध्ये दिसल्या, तर संकोचू नका. पुढच्या रविवारी त्यांच्या घरी जाऊन हसत सांगा आणि द्या. वहीत त्या ओळीत मी जागा सोडलेली असते.